लाल चतुराचा फोटो

२१ सप्टेंबर, रविवार

लाज वाटतेय. लिहूनच टाकते.

काल गावामागच्या कातळाच्या सड्यावर डबक्याकाठी लाल चतुर दिसला. मिरचीसारखा लालभडक, पाठीवर बारीक काळी रेघ, पंखांच्या मुळाशी मधाच्या रंगाचा डाग. कॅमेरा जवळ नेला की उडायचा आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसायचा. शेवटी वैतागून जाळीत पकडला, घरी आणला आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, दुधाच्या पातेल्याशेजारी. गार झाला की हलत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. मग परसात गवतावर ठेवून हवे तेवढे फोटो काढले. तो मात्र पुन्हा उडालाच नाही.

फोटो आमच्या कीटक बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वाहवा झाली. दर रविवारी माझ्याबरोबर सड्यावर येणाऱ्या शमीमने लगेच फोन केला.

"तुझ्यासाठी कसा गं थांबला? माझ्यासाठी एक पण थांबत नाय."

"धीर धरावा लागतो," मी म्हणाले. म्हणवलं कसं मला?

आज मी जमत नाही म्हणून सांगितलं, तर ती एकटीच गेली. दुपारभर उन्हात बसून संध्याकाळी इथे आली, चेहरा लाल झालेला. "धीर धरला गं, तरी नाय थांबला."

मग मात्र राहवलं नाही. फ्रिज, तो डबा, सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, बोलणं टाकेल.

ती फोटोकडे बघत राहिली. "म्हंजे यात तो मेलेलाच आहे?"

फोटो काढताना तो जिवंत आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं.