दाताखालची ज्वारी

१२ मार्च १९४४, जुना जालना
शाळू ज्वारीचा दाणा दाताखाली कटकन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. अख्ख्या बाजारात ही पारख फक्त माझ्या दाढांना आहे. बद्रीनारायणसेठ माझ्या चावण्यावर जमिनीतलं पेव भरतात. हाताखालचा भुजंग आज म्हणतो, "पुंजारामभाऊ, दाणा चावताना तंबाखू थुकत जा." गाढव! तंबाखूनेच तर दाढा घट्ट राहतात.

१८ मार्च
डाव्या गालात आतून आग. चतुरा मुद्दाम ठेच्यात मिरच्या वाढवते. झापलं, तर म्हणाली, "आठ दिसांपासून म्या मिरचीच घातली न्हाई." खोटारडी. बायको की वैरीण!

२५ मार्च, पाडवा
संकल्प. आजपासून तंबाखू बंद. बिलकुल बंद.
संध्याकाळी. लिंबाचा पाला फार झोंबला, म्हणून वर चिमूटभर घेतली. औषध म्हणून घेतलेली धरायची नसते.

२ एप्रिल
अवकाळी पावसानंतरचा माल आला. दाढ ठणकत होती. दाणा जिभेखाली सरकवला आणि टाळूला जीभ लावून कटकन आवाज काढला. "कोरडी!" भुजंग मधेच म्हणाला, "सेठ, ओली हाय." सेठनी त्यालाच गप्प केलं. पेव भरून वर माती लिंपली. अनुभव लागतो, नुसते दात नाही.

९ एप्रिल
चतुराच्या कटकटीपायी दवाखाना. डॉक्टर म्हणाला, तीन बोटं उभी तोंडात घाला. एकच गेलं. माझी बोटं मुळातच जाड. म्हणे गालात पांढरा चट्टा आहे, तंबाखू आजच सोडा, हैदराबादला मोठ्या डॉक्टरला दाखवा. मूर्खाला चुना ओळखता येत नाही! चूळ भरून पुन्हा बघितलं, तरी चट्टा तिथेच म्हणाला. हट्टी माणूस.
परत येताना तंबाखूची नवी पुडी घेतली. मन थाऱ्यावर नव्हतं.

२० जून
पेव उघडलं. वासाने हमाल मागे पळाले. ज्वारी काळी, गोळे झालेली. मी बराबर सांगितलं, जमिनीतून ओल आली. सेठनी मूठभर नवे दाणे पुढे धरले. "पुंजाराम, सबके सामने चबाके दिखाओ."
चावला. दाणा तसाच राहिला, दाढ बाहेर आली.
भुजंगाने ती उचलून माझ्या हातात ठेवली. हसलासुद्धा नाही हरामखोर. हसला असता तर बरं झालं असतं.

३ जुलै
आजपासून दाणे भुजंग चावणार. अडतीत मी पोती मोजायची. बसून काम, एका अर्थी बढतीच.
भाकरी जात नाही. चतुरा आंबील गार करून दातांच्या फटीतून चमच्याने सोडते. आज सोडताना रडली. हैदराबादला चला म्हणाली. मला भीती वाटते.
तंबाखू मात्र सोडली. म्हणत होतोच, मनात आणलं की सुटते. सकाळी दोनदा प्रयत्न केला, चिमूट आत गेली नाही.