व्हॉल्व्हच्या दोन जोड्या

दादा,

तुमच्या अँप्लिफायरचा एक व्हॉल्व्ह गेला. दिवाळीनंतरची गोष्ट. आई रोजच्यासारखी सकाळी जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्ड लावून बसली होती आणि मी चहा गाळत होते. आधी गाण्यात घरघर सुरू झाली, मग जळक्या धुळीचा वास आला. धावत जाऊन बघते तर मागच्या दोन मोठ्या, बल्बसारख्या व्हॉल्व्हपैकी उजवीकडच्याच्या काचेआड पत्रा लालबुंद झालेला. हळहळायला नंतर भरपूर वेळ मिळतो, आधी बटण बंद करायचं, हे तुम्ही लेकीला शिकवलेलं वाक्य. तसंच केलं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या बटणाकडे हात गेला की अजून वाटतं, तुम्ही मागे उभे राहून बघताय की मी बरोबर करते की नाही.

मला वाटलं, आठ दिवसांत होईल काम. झाले चार महिने. आणि ह्या चार महिन्यांत आई गप्प झाली. तिचे कान गेली दोन-तीन वर्षं उतरत चाललेत, हे तुम्हाला माहीत नाही. कानाचं मशीन आणलं होतं. दोन दिवस लावलं आणि म्हणाली, "ह्याच्यात सगळी भांडी एकदम पडत्यात," आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. कोणी काही विचारलं की नुसतं "हो" म्हणते. भाजी आणू का, हो. पोट दुखतंय का, हो. शेजारच्या बाई येऊन बसायच्या, त्याही कमी झाल्या. दिवसभरात एकच गोष्ट ती मनापासून ऐकायची, ती ही रेकॉर्ड. तीही बंद पडल्यावर ती सकाळी त्याच खुर्चीत, त्याच वेळी, बंद अँप्लिफायरसमोर बसायला लागली. मला ते बघवेना. तुमचाच आवाज परत आणायचा, अगदी होता तसा, म्हणजे ती पुन्हा आपल्यात येईल, असं मी मनाशी घेतलं. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं काढूनही मी असा भाबडा विचार करू शकते, याचं तुम्हाला हसूच आलं असतं.

गंगापूर रोडच्या ह्या फ्लॅटमध्ये बसून मी इंटरनेटवर त्या व्हॉल्व्हचा नंबर, ईएल ८४, शोधत होते. तिकडे माणसं व्हॉल्व्हवरून अशी भांडतात, जशी आपल्याकडे मिसळीवरून. रशियाचे घ्या, ते खणखणीत. चीनचे घेऊ नका. जुने मिळाले तर सोनं. कोणी म्हणतो मऊ, कोणी म्हणतो उबदार, कोणी म्हणतो सगळे सारखेच, तुमच्या कानांचे भास आहेत. वाचता वाचता मला कॉलनीतलं आपलं जुनं घर आठवलं. मी सातवीत आहे, शेजाऱ्यांनी नवा टेपरेकॉर्डर आणलाय, आणि मी जेवताना म्हणते, "दादा, त्यांच्याकडे किती स्पष्ट ऐकू येतं." तुम्ही घास खाली ठेवता. "स्पष्ट म्हणजे चांगलं, हे तुला कोणी शिकवलं? पत्र्यावर हरभरे ओतले तरी स्पष्टच वाजतात." मग दोन दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मला आजही तो अबोला जास्तीचा वाटतो. त्या दिवसांत तुम्ही कचेरीतून आलात की चहाचा कप हातात घेऊनच ह्या अँप्लिफायरसाठी देवळालीच्या लष्करी भंगारातून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरपाशी बसायचात. मुलीला तुमच्यापर्यंत यायची वाट तेवढीच होती, आणि तिथेच मी चुकीचं बोलले होते.

व्हॉल्व्ह निवडायची तुमची पद्धत मात्र साऱ्या कॉलनीला माहीत होती. दोन व्हॉल्व्ह म्हणजे एक ढकलणारा, एक ओढणारा, एक गेला तरी दोन्ही बदलायचे, हे तुम्ही मला दोरी खेचून दाखवलं होतं. मीटरवर दोघांचा करंट जुळवायचा, पेन्सिलीनं काचेवर टिचकी मारून स्पीकरमध्ये टणटण येते का बघायचं, आणि हे सगळं झाल्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचं, "ही कशी वाटते?" आईनं आतून "नको" म्हटलं की मीटर काहीही सांगो, ती जोडी उतरायची. "हा" म्हटलं की ती कायमची. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात, "खरा मीटर आमच्या स्वयंपाकघरात आहे." आईचं शिक्षण चौथीपर्यंत, माहेर देवळ्याकडचं, कांद्याच्या वावरात वाढलेली, पण आवाजात तिचा शब्द शेवटचा. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा.

शेवटी मी येवल्याला गेले. तुमचे ते लाउडस्पीकरवाले मित्र, जयंतीला आपल्या चौकात भोंगे लावायला यायचे ते, अजून आहेत. मुलानं पैठण्यांचं दुकान काढलंय आणि ह्यांना मागची खोली दिलीय. पलीकडे हातमाग खटखटतोय, समोर गिऱ्हाईक पदर उलगडून बघतंय, आणि हे आत मोडक्या रेडिओंच्या ढिगात बनियनवर बसलेले. मला बघून आधी रडले, मग चहा मागवला. मी लाल झालेला व्हॉल्व्ह पुढे ठेवला. त्यांनी तो उन्हात धरून फिरवला.

"हा लय चालला, ताई. आता सुट्टी द्या त्याला."

"असाच पाहिजे मला. ह्याच जातीचा, ह्याच आवाजाचा."

त्यांनी कपाटातून चिंध्यांत गुंडाळलेल्या दोन जोड्या काढल्या. "ही जुनी. एका रेडिओग्राममधून काढलेली, तुमच्या दादांच्या जातीचीच. आवाज मऊ. पण वापरलेली हाय, किती दिवस टिकंल ते सांगता यायचं नाय. आन् ही रशियाची, नवी कोरी. खणखणीत. दादा असते तर ही घरात घिऊ दिली नसती त्यांनी." मग म्हणाले, "दोन्ही न्या. दादांच्या पद्धतीनं लावून बघा. नको ती परत आणा." मी दोन्ही चिंध्या मांडीवर घेऊन एसटीत बसले. खड्डा आला की पिशवी उचलून धरत होते, आणि शेजारची बाई मला विचारत होती, अंडी आहेत का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी जुनी जोडी बसवली. दादा, काय सांगू. सुई टेकली आणि तुमचं घर आलं. थंडीत कोणी पायांवर गोधडी टाकावी तसा आवाज. आणि आई लगेच म्हणाली, "हा. हाच ठेव."

मी तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "अगं, अजून दुसरी जोडी ऐकायचीय."

"कशाला? तुझं तोंड बघ कसं झालंय. हाच ठेव."

"माझ्या तोंडाचा काय संबंध?"

"मग कशाचा?" ती म्हणाली. "मला त्या आवाजातलं काय कळतंय? यांच्या वक्ताला पण मी तोंडच बघायचे. पोळी तव्यावर टाकायची आन् दारापाशी यायचं. कपाळावरची आठी गेली की हा म्हणायचं. नाय गेली की नको."

मला आधी हसू फुटलं आणि मग मी खुर्चीत बसलेच. तुम्ही आयुष्यभर तिच्या कानांवर भरवसा ठेवलात, आणि ती तुमच्या कपाळावर. व्हॉल्व्ह कोणीच निवडला नव्हता. म्हणजे तुम्हीच निवडला होता, तुम्हालाच न कळता. आणि मी तीस-चाळीस वर्षं तो आवाज देवासारखा पुजत होते. रागवायला हवं होतं की काय कोण जाणे. मला तुम्हा दोघांवर फार प्रेम आलं.

व्हॉल्व्ह गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. तेवढ्यात ठरवलं, की आता तिला माझं तोंड दिसू द्यायचं नाही. रशियन जोडी बसवली, रेकॉर्ड पहिल्यापासून लावली आणि तिच्याकडे पाठ करून शोकेसपाशी जाऊन उभी राहिले. हरभरेच ते, दादा. तुमचं बरोबर होतं. स, श, च, सगळे काचेला येऊन लागत होते. माझ्या कपाळावर तुमचीच आठी आली असणार. पण शोकेसच्या काचेत मला आई दिसत होती, आणि तिचे ओठ हलत होते. नुसते पुटपुटत नव्हते; गाणारी बाई जो शब्द म्हणत होती, तोच, तिच्याबरोबर. मांडीवरचा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा गोल फिरायला लागला होता. मऊ आवाजात तिच्यापर्यंत नुसती गुणगुण पोचत होती. शब्द पोचले ते ह्या कर्कश जोडीतून. जुनी जोडी वाजत होती तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते, हे मला तेव्हा आठवलं. मी स्वतःच्याच आनंदात होते, दिसूनही लक्षात घेतलं नव्हतं.

बाजू संपली. मी वळायच्या आत तिनं डोळे पुसून घेतले. आणि म्हणाली काय, तर, "चांगला हाय. पण तू पहिलाच ठेव. यांचा आवाज तो."

मी तिच्याशी खोटं बोलले. दुपारी ती झोपली असताना मागचं झाकण उघडून काही केल्यासारखं केलं आणि उठल्यावर सांगितलं, पहिली जोडी बसवली. आत रशियनच आहे. आता ती रोज सकाळी ऐकते, ओठ हलतात, हात फिरतो. शेजारच्या बाई पुन्हा यायला लागल्यात. आई त्यांना सांगते, येवल्याहून यांच्याच जातीचे मिळाले, म्हणून शब्द न् शब्द लागतो. मी चहा गाळत ऐकते. तुमच्या अँप्लिफायरमध्ये, तुमच्या नावावर, तुम्हाला न आवडणारा आवाज वाजतोय. माझी त्याला हरकत नाही. तुमची असेल तर असू दे.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. जुनी जोडी मी येवल्याला परत केलेली नाही. आई रविवारी बायकांबरोबर विहारात जाते. ती जिना उतरली की मी व्हॉल्व्ह बदलते, एक बाजू ऐकते आणि ती यायच्या आत पुन्हा रशियन बसवते. तेवढा वेळ तुम्ही घरात असता, दुसरं कसं सांगू. गेल्या रविवारी ती लवकर परतली. रेकॉर्ड संपली होती, जुन्या जोडीतला पहिला व्हॉल्व्ह काढून गरम गरम रुमालात धरून मी उभी. तिनं चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झालं का तुझं ऐकून?" कधीपासून तिला माहीत होतं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मी नाही म्हटलं, दादा. झालं होतं, तरी एकदा तिनंही तुमच्याजवळ बसावं म्हणून नाही म्हटलं, आणि तो व्हॉल्व्ह परत बसवला. ती समोर येऊन बसली. एक शब्द तिला लागत नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मी तिला पुरी एक बाजू तशीच बसवून ठेवलं.