पुलापलीकडचे ठोके

प्रिय सरकार,

तू लेकीकडे गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, बाळ मान धरायला लागलं की परत येते. आता ते घरभर धावतंय आणि लेकीची दवाखान्यातली नोकरी तुझ्यावाचून चालत नाही. माझी तक्रार नाही. पण एकट्यानं जेवायला बसलं की घास घशाखाली उतरत नाही, हे बायकोला लिहायला लाज कसली?

म्हणून परवा तुला न सांगता पूल ओलांडून तुमच्या नगरपालिकेत गेलो. लेकीच्या मागच्या खोलीत माझं तांबटकाम चालेल का, एवढंच विचारायचं होतं. आपली आळी पडली कारखान्यांची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हवं तेवढं बडवा, फार तर शेजारचा शिंपी शिव्या घालतो. तुमच्याकडे राहत्या वस्तीत आवाज शेजाऱ्याच्या खिडकीशी मोजतात, मर्यादाही आपल्यापेक्षा कितीतरी कमी. वर दुपारी सक्तीची शांतता! पुलाच्या दोन टोकांच्या माणसांना कान वेगळे दिलेत की काय, देव जाणे.

तिथला साहेब मात्र भला माणूस. मी पिशवीतून हातोडा आणि अर्धवट पातेलं काढलं तेव्हा दचकला, पण आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. सगळी कचेरी हातातलं काम टाकून बघत उभी. पहिल्याच ठोक्याला आकडा मर्यादेच्या पार वर. मग लाकडी हातोड्याला चामडं गुंडाळून ठोकलं, तर बसला नियमात. साहेब म्हणाला, "काका, हे चालेल. पण यानं मोठं भांडं घडेल का?" नाही घडणार. वाट्या, झाकणं, किरकोळ डागडुजी, बस्स.

येताना तुमच्या गल्लीत शिरलो. तू गॅलरीत दुपटी वाळत घालत होतीस, बाळ कडेवर. किती वाळलीयेस गं. हाक ओठांवर आली होती, पण मारली नाही. मारली असती तर तिथेच राहिलो असतो आणि इकडची आवराआवर राहून गेली असती.

ती आज उरकली. बाबांची ऐरण कोपऱ्यावरच्या लोहाराला देऊन टाकली. समोर सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस, म्हणून हे पत्र. रविवारी येतोय, मागची खोली रिकामी करून ठेव. वाट्याच करीन आता. इथल्या घरातली शांतता दोन्ही शहरांच्या नियमात बसते, पण मला ती सोसवत नाही.

तुझाच,
ठोकेबहाद्दर