फरशीचा गहाळ कोपरा

३ मार्च

मौनीबाईची चित्रे नको तितकी सुंदर आहेत!

मौनीबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत वर्षभराच्या मुदतीवर आलेली अल्पभाषिणी संशोधिका. नामकरण मी केले. तिला त्याची वार्ता नसावी. ती डीएनएच्या फरश्या घडवते. एक लांबलचक धागा, त्याला दोनशेच्या वर आखूड धाग्यांचे टाके. खारट पाण्यात तापवून सावकाश निववले की तो धागा स्वतःच घड्या घालून चौकोनी फरशी होतो. केसाच्या जाडीवर अशा शेकडो फरश्या ओळीने मावतील. पुढे त्या जोडून औषध वाहून नेणारी पेटी करायची आहे.

फरशीवरून सुई फिरवून तिचे चित्र काढणाऱ्या यंत्राचा मी अधिपती. परंतु मौनीबाई चित्रे स्वतःच घेते. तेही दार लावून! का?

गृहस्वामिनीस हा विषय विस्ताराने निवेदन केला.

"म्हणजे गवंडीकाम," ती म्हणाली. "मग आपल्या न्हाणीघरातली फुटकी फरशी कधी बसवताय?"

विज्ञानाची ही अवहेलना!

५ मार्च

सापडले! यंत्राच्या संगणकात साठलेली तिची चित्रे मोठी करून न्याहाळली. फरशीचा एक कोपरा गायब. पुढच्या फरशीचाही तोच. त्यापुढचीचाही! निसर्ग इतका शिस्तबद्ध नसतो. एकच फरशी कापून, फिरवून, पुनःपुन्हा चिकटवलेली आहे. निर्विवाद कूटकर्म.

६ मार्च

प्रमुख महोदयांच्या दालनात गेलो. "त्या चित्रांना कृत्रिमतेचा दर्प येतो," एवढेच म्हणालो. कोपऱ्याचे रहस्य राखून ठेवले — हुकमाचा पत्ता पहिल्याच हाताला कोण टाकतो?

वाटले होते, संतापतील. ते प्रसन्न झाले! "उत्तम केलंत. तिची सगळी मूळ चित्रं मला आणून द्या. तिला कळू देऊ नका. महिनाअखेर मुदत संपतेच आहे, वाढवायची नाही."

आणि चहा मागवला. इतक्या वर्षांच्या सेवेत प्रथमच!

७ मार्च

चित्रे सुपूर्द केली.

११ मार्च

अंतिम पुरावा हवा होता. "आज यंत्राची तपासणी आहे. दार उघडे राहील, आणि मीही राहीन," असे राजाज्ञेच्या थाटात जाहीर केले. मौनीबाईने खांदे उडवले. ताजा थेंब माझ्यासमोर ठेवला. सुई मी फिरवली.

पडद्यावर फरशी उमटली. कोपरा नाही! दुसरी. नाही. तिसरी. नाही.

"काय झालं, काका? चष्मा पुसून देऊ?"

फरश्या खऱ्या आहेत. मग कोपरा खातो कोण?

१२ मार्च

न राहवून विचारलेच. तिने उठून दार लावले.

"मीच गाळते. त्या कोपऱ्याचे टाके घालतच नाही."

"प्रयोजन?"

"आधीच्या ठिकाणी माझं काम दुसऱ्याच्या नावावर छापून आलं. पुरावा काय देणार? आता रुमालाच्या कोपऱ्यावर अक्षर काढतात ना, तसं. कुठंही दिसली तरी माझी फरशी मी ओळखेन."

"इथे संशय कुणाचा आहे?"

"तुमचा."

"माझा?!"

"सारखे दाराशी घुटमळता! म्हटलं, हेच चित्रं पळवणार."

मी हसलो. मोठ्याने. चित्रे कुठे पोहोचली आहेत ते मात्र सांगितले नाही. एवढे शब्दभांडार, आणि त्यात ते एक वाक्य सापडेना.

१३ मार्च

प्रमुखांकडे गेलो. माझा संशय निराधार होता, चित्रे परत द्यावीत, तिची मुदत वाढवावी — सविनय, सविस्तर.

"बघू."

चहा नाही.

घरी सर्व सांगितले. गृहस्वामिनी म्हणाली, "अहो, तुम्हांला जगाचा संशय येतो. फक्त चहा पाजणाऱ्याचा येत नाही."

१८ मार्च

चित्रे पुन्हा मागितली. प्रमुख "कामात" आहेत. त्यांच्या दारावर शुक्रवारच्या व्याख्यानाची सूचना लागली आहे. विषय: नवी फरशी. वक्ते: स्वतः.

मौनीबाई सूचना वाचत उभी होती. मला पाहून तिने "नमस्कार" म्हटले. आजवर "काका" म्हणत असे.

२० मार्च

सभागृह तुडुंब. प्रमुख म्हणाले, "या फरश्या मी माझ्या हातांनी घडवल्या." पडद्यावर ओळीने फरश्या. एकीलाही तो कोपरा नाही.

मौनीबाईने मान वळवली — त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

मी उभा राहिलो. भारदस्त शब्द एकही आठवेना.

"सर, ही चित्रं मीच तुम्हांला आणून दिली. कोपरा का नाही, तेवढं सांगता?"