तळहात आत, तळहात बाहेर

९ जानेवारी
दादाला हॉस्पिटलमधून आणून आठवडा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही. स्पीच थेरपीची मुलगी चित्रं दाखवते – कप, चावी, कुत्रा. दादा खिडकीकडे बघतो. "त्यांना किती समजतं, सांगणं कठीण आहे," म्हणाली.
बंगळूरहून निखिलचा फोन. "आत्या, बाबांना मी इकडे आणतो. तुला एकटीला कसं झेपणार?" म्हटलं, तू म्हणशील तसं. वहिनी गेल्यापासून गिरगावातल्या या दोन खोल्यांत आम्ही दोघंच भाऊ-बहीण. फोन ठेवला तोवर डाळ करपलेली.

१२ जानेवारी
किशोरभाई आले. शेअर बाजारात वर्षानुवर्षं दादाच्या शेजारी उभे राहिलेले. दारातूनच ओरडले, "काय शेठ, बोला भाव!"
दादाचा डावा हात वर गेला. तळहात स्वतःकडे, दोन बोटं.
कि.भाई माझ्याकडे वळले. "शालूबेन, घेतो म्हणतोय! तळहात आत म्हणजे घेतो, बाहेर म्हणजे विकतो. त्या गोंधळात आवाज कुठे पोचायचा? हातच बोलायचे."
दोन कसले? दादाची नजर खारीच्या ताटलीवर. दोन दिल्या. मग मी गोळी पुढे केली – तळहात सरळ बाहेर.
"घ्या! औषध विकायला काढलं!"
किती दिवसांनी हसलो घरात.

१५ जानेवारी
चहा – आत. लापशी – बाहेर. टीव्हीवरच्या बातम्या – दोनदा बाहेर.
कॉलेजात असताना एकदा बाजाराच्या गॅलरीतून पाहिलं होतं. खाली शेकडो माणसं, मधोमध दादा, मानेच्या शिरा ताणलेल्या. घरी आल्यावर विचारलं, सही नाही, कागद नाही, कोणी फिरला तर? "मी पॅडवर टिपतो, समोरचाही टिपतो. शब्द फिरवला तर उद्या त्याच्याशी सौदा कोण करील?"
मग कॉम्प्युटर आले. जास्तीत जास्त देणारा आणि कमीत कमी मागणारा, मशीनच जुळवतं. कोणी बुडवू नये म्हणून मध्ये एक्स्चेंज उभं. "लबाडीला जागा कमी झाली, चांगलंच आहे," म्हणायचा. आणि थोड्या वेळानं – "पण शाले, बघू कोणाकडे?"

१८ जानेवारी
नि.ला व्हिडिओवर दादाच्या हाताच्या खुणा दाखवल्या. त्यानं डॉक्टरांना विचारून परत फोन केला. जुनी सवय असू शकते म्हणे. "गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं. आत्या, फार आशा धरू नकोस." वाईट वाटलं. पण त्याचाही बाप आहे. परवा येतोय. गुरुवारची दोन तिकिटं काढली.
मी बरं म्हटलं.

२० जानेवारी
नि. सकाळीच आला. दादाची नखं कापली, दाढी केली, मग जवळ बसून विचारलं, "बाबा, माझ्याकडे यायचं?"
दादाचा हात उठला. तळहात आत. लगेच बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आणि बघत होता माझ्याकडे.
"पाहिलंस? दोन्ही दाखवले. नाही समजत त्यांना." नि. उठून गॅलरीत गेला. डोळे पुसले असावेत.
मी स्वयंपाकघरातून कि.भाईंना फोन लावला, हात कसा हलला ते सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले, "बेन, तो जॉबर होता ना. जॉबर आपण होऊन कधी सांगतो, की घ्यायचंय का द्यायचंय? तो घ्यायचा आणि विकायचा, दोन्ही भाव बोलतो आणि थांबतो. समोरच्यानं आधी सांगायचं, तुला काय पाहिजे."
समोरचा कोण? दादा तर माझ्याकडे बघत होता.
शाळेत नन्सनी शिकवलं, विचारल्याशिवाय बोलू नये. नि.नं विचारलं तेव्हाही, तू म्हणशील तसं. बारा दिवसांत एकदाही म्हटलं नाही, दादाला इथेच राहू दे.
नि. बॅग काढतोय. दादाचा हात चादरीवर तसाच, उघडा. नजर दाराकडे, मी येईन म्हणून.
वही ठेवते. आधी दादाला सांगते, मग नि.ला. की दोघांसमोर एकदमच