पांढरा पडलेला रणगाडा

टॅमसिन,

आईने रंगवलेला तो तळहाताएवढा खेळातला रणगाडा पांढरा पडलाय, आणि ते माझ्यामुळेच झालं. शनिवारी तू क्लबच्या टेबलावरच्या लढाईच्या खेळात नेशील तेव्हा रंगाला ओरखडा नको, म्हणून सकाळी अंगणात नेऊन त्यावर वार्निशचा फवारा मारला. बाहेर पावसाची भुरभुर होती. दमट हवेत फवारायचं नाही, हे आई मला दहादा सांगून गेली होती. पाच मिनिटांत तिने रंगवलेल्या सगळ्या गंजावर दहिवर पडल्यासारखं झालं.

तो गंज तिने हॉस्पिटलच्या खाटेवर बसून, स्पंजच्या तुकड्याने एकेक ठिपका देत रंगवला होता. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "लेनर्ड, गंज लावायचाय, पावाला जॅम नाही!" मग मी नुसती रंगाची डबी धरून बसायचो.

क्लबातला डेरेक म्हणतो, तेलाचा हात फिरवला तर पांढरेपणा जाईल कदाचित. त्यालाच आणायला जातोय. चारपर्यंत येतो. गॅसवर मटारचं सूप आहे.

तू रागावशील, ते बरोबरच आहे. पण रणगाडा घासू नकोस, आणि त्यावर नवा गंज रंगवू नकोस. पांढरेपणा नाहीच गेला तर पांढराच राहू दे. खाली तिचा हात आहे.

बाबा