चऱ्याचा बदला

३ सप्टेंबर, सकाळी ११.२०
सुरी आली! सात महिने नंबर लावून बसलो होतो. कारागीर एकटाच, वर्षाला मोजून चाळीस सुऱ्या करतो आणि प्रत्येक पात्यावर ॲसिडने बारीक आपलं नाव उमटवतो. मेहुण्याकडे त्याचीच आहे, पण तो अडाणी तिने चक्क भाजी चिरतो. पातं काळंनिळं पडलंय. माझी नव्यासारखीच राहणार. खोकं उघडताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले. मग कॅलिपरने पात्याची जाडी तीनदा मोजली, तेही फोटोंसकट. दोन मिलिमीटर, बरोब्बर! डाव्या हातावरचे केस काढून धार पाहिली. हात गुळगुळीत. आयुष्यात आता काही मागणं नाही.

दुपारी १२.०५
चरा आहे.
मुठीपासून दोन बोटांवर, उजव्या बाजूला. तांदळाच्या कणीएवढा. खिडकीशी तिरकं धरून भिंगातून पाहिलं की अगदी स्पष्ट. बायकोला दाखवला. तिने भिंग फिरवलं, सुरी फिरवली, मलाही उजेडाकडे फिरवलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून निघून गेली. भावाची बहीण शोभते.
कारागिराला सोडणार नाही.

४ सप्टेंबर
फोन केला. नमस्कार मुद्दाम केला नाही. तो म्हणाला, हातचं काम आहे, होतं कधी कधी. वापरू नका, पंधरा दिवसांत घेऊन या, दुसरी देतो.
इतकं स्वस्तात सुटायचंय त्याला! बदलून घेतली तर तो दिलदार आणि मी किरकिऱ्या. मला दुसरी सुरी नको, त्याची खाली गेलेली मान बघायचीय. फोन ठेवताना बघून घेईन म्हणालो. तो म्हणाला, या ना.

७ सप्टेंबर
तक्रारीची फाइल पाठवली. पत्र चार पानं, फोटो सत्तावीस, क्रमवार, वेळेसकट. शेवटी नुसत्या कॅलिपरचाही फोटो जोडला, म्हणजे आपली गाठ कसल्या काटेकोर माणसाशी आहे ते कळेल. बायको म्हणाली, आपल्या लग्नाचे फोटो अजून पिशवीतच आहेत.

११ सप्टेंबर
उत्तर आलं. चार पानांना दोन ओळी! कांदे चिरा, पातं काळवंडेल आणि महिन्याभरात चरा दिसेनासा होईल. नाहीच झाला तर आणा, तुमच्यासमोर घालवून देतो, पण घरी घासू नका.
घासू नका? मला सांगतो?
ठरलं. चरा मीच घालवणार. मग आरशासारखं पातं त्याच्या टेबलावर ठेवून म्हणणार, काम असं करतात. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ सप्टेंबर, सकाळी ९.००
पॉलिशपेपर आणले. हार्डवेअरवाला म्हणाला, सगळ्यात बारीकपासून सुरुवात करा. त्याला काय माहीत मला किती घाई आहे. जाडा घेतला.
९.४०
चरा गेला! साफ!
९.४५
त्या जागी बटणाएवढा पांढुरका डाग. आजूबाजूचं जरा घासून मिळवून घेतो.
दुपारी १.३०
अंगठा सुजला. पण अख्खी उजवी बाजू आता एकसारखी.
१.३५
नाव गेलं.

१४ सप्टेंबर
दोन दिवस शांतपणे विचार केला. चार तासांत पुसलं जातं ते नाव कसलं? म्हणजे हाही त्याचाच दोष. फाइलीत मुद्दा वाढवला. उद्या वर्कशॉपवर धडक. रविवारी मेहुणा खास सुरी बघायला जेवायला येतोय. त्याआधी नवी सुरी आणि लेखी माफी, दोन्ही खिशात.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी
पत्र्याची शेड, मधोमध ग्राइंडर, सगळीकडे तेलाचा वास. कारागीर ठेंगणा, बोटं काळी. मी फाइल आपटली. त्याने हात पुसून चारही पानं पुन्हा वाचली. मग फोटो नंबर तीन आणि नऊ शेजारी ठेवले आणि माझंच भिंग मागितलं.
तीनमध्ये चरा नाही. नऊमध्ये आहे. मधले पाच फोटो कॅलिपर लावतानाचे.
कॅलिपर पात्यावरून ओढला होता का, त्याने विचारलं. मी म्हटलं, जरासा. तो म्हणाला, तीनदा. पत्रात लिहिलंय तुम्ही.
मग म्हणाला, चरा कुणाचाही असता तरी बदलून दिली असती. नुसती आणायची होती. आता घासलेली कशी घेऊ? मी म्हटलं, निदान नाव तरी परत घाला. आवाज भलताच बारीक निघाला. तो म्हणाला, नाव मी माझ्या कामावर घालतो. हे आता तुमचं काम आहे.
रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. वर फुकट धार लावून दिली, हलकट!
येताना रडू येत होतं. सात महिने वाट पाहिली होती.

१६ सप्टेंबर
कॅलिपरच्या कंपनीला पत्र लिहायला बसलो. दोन ओळींत दमलो.

१७ सप्टेंबर, रविवार
मेहुणा आल्या आल्या म्हणाला, भाऊजी, दाखवा. बायकोने ओट्यावरून सुरी दिली. टोमॅटो चिरत होती. त्याने पातं उलटंपालटं केलं, नाव शोधलं, कुणाची म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, यांनीच घरी घासून केलीय.
त्याने अंगठ्यावर धार पाहिली. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, पहिल्या प्रयत्नाच्या मानाने बरी जमलीय, भाऊजी.
कांदे मी चिरले.